ग्वांगझूत बसून सांगलीच्या पत्त्यावर ऑर्डर : नेमकं अडतं कुठे?

भारत-चीन थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझू मार्गावर पुन्हा सुरू झाली. ग्वांगझूचं कँटन फेअर १९५७ पासून भरतं, वर्षातून दोनदा, आणि त्याचा शरद ऋतूतला भाग साधारण १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असतो, म्हणजे बऱ्याचदा ऐन दिवाळीच्या तोंडावर. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला कारखानदार तिकडे यंत्रं बघत फिरतो आणि रात्री हॉटेलात बसून घरी मिक्सर, साडी नाहीतर पोरांचे कपडे मागवायला मोबाईल उघडतो. नेहमीचं अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत राहतं. फोटो येत नाहीत. आले तर लॉगिन होत नाही, लॉगिन झालं तर पैसे जात नाहीत. मग कुणीतरी सांगतं, ‘चीननं बंद केलंय, व्हीपीएन टाक.’ (व्हीपीएन म्हणजे काय ते पुढं येतंच.)

हे निदान बहुतेक वेळा अर्धवट असतं. सरकारी बंदी हा या भानगडीतला एकच भाग आहे आणि तो तुलनेनं सोपा सुटतो. जास्त माणसं अडकतात ती स्वतःच्या सिमपाशी.

अडवणारे तिघं आहेत

हळदीची गाडी सांगलीच्या मार्केट यार्डात न्यायची आहे असं समजा. वाटेत नाका आहे. तिथला माणूस गाडी पुढं सोडायची की नाही ते ठरवतो. यार्डात अडत्या आहे. तो माल आणणारा ओळखीचा आहे का ते बघतो. शेवटी पट्टीचे पैसे द्यायला बँक आहे. ती सही तपासते. नाक्यावर हुज्जत घालून बँकेतली सही जुळत नाही.

इंटरनेटवर नाका म्हणजे तुम्ही ज्या देशात आहात तिथली जाळ्यावरची गाळणी. अडत्या म्हणजे शॉपिंगची कंपनी. रोज सांगलीतून उघडणारं खातं आज अचानक परदेशातून उघडलं की तिची सुरक्षायंत्रणा कान टवकारते. आणि बँक म्हणजे बँकच, तिला ओटीपी हवा असतो. अ‍ॅप उघडतच नसेल तर नाका, लॉगिनला पुन्हा पुन्हा पडताळणी मागत असेल तर अडत्या, आणि पैसे देताना गाडी थांबत असेल तर बँक. कुठल्या पायरीला अडतंय हे आधी बघितलं की निम्मं काम होतं.

एक शब्द पुढं सारखा येईल, तो इथेच सांगून टाकू. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक फोनला आकड्यांचा एक पत्ता मिळतो, तो आयपी पत्ता. त्यावरून समोरच्या दुकानाला तुम्ही कुठल्या देशाच्या जाळ्यातून आलात हे कळतं. घरपोच कुठं द्यायचं हे मात्र त्यावरून ठरत नाही. डिलिव्हरीच्या पत्त्यात ४१६४१६ टाकलं की तुम्ही ग्वांगझूत असा नाहीतर दुबईत, वस्तू सांगलीला जाणार की नाही हे त्या पिनकोडवरूनच कळतं.

चीनमधली गाळणी काय काय करते

फोन एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा आधी नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारतो. चीनमधलं जाळं बंदी असलेल्या नावांना खोटा पत्ता देतं. दुसरी पद्धत म्हणजे ठरावीक पत्त्यांकडे जाणारी वाटच तोडणं. तिसरी जास्त हुशार आहे. आजकाल सगळा मजकूर कुलूपबंद जातो, पण जोडणीच्या पहिल्या क्षणी कुठल्या संकेतस्थळाकडे जायचंय ते नाव सहसा उघडं असतं. ते वाचून यंत्रणा मध्येच जोडणी तोडते. म्हणून ‘इंटरनेट नाही’ असं न दिसता पान अर्धवट लटकतं.

आता गंमत बघा. भारतीय दुकानाचं नाव बंदीच्या यादीत नसलं तरी त्याचं अ‍ॅप अडतं, कारण अ‍ॅपच्या आत गूगलचे सुटे भाग असतात. ‘मी यंत्रमानव नाही’ ही खूण, पत्ता निवडायचा नकाशा, गूगलनं लॉगिन, हे सगळं गूगलच्या सर्व्हरवर चालतं. गूगलची शोधसेवा २०१० मध्ये चीनमधून बाहेर पडली, जीमेल २०१४ च्या अखेरीपासून बंद आहे, फेसबुक २००९ पासून. अ‍ॅपमध्ये पत्त्याच्या पानावर नकाशा उमटायची वाट बघत ऑर्डर लटकली तर दोष दुकानाचा नसतो.

अँड्रॉइड फोनवर येणाऱ्या बहुतेक सूचनाही गूगलमार्फत येतात. बँकेनं ‘हा व्यवहार तुम्हीच करताय का’ असं अ‍ॅपमध्ये विचारायची सोय केली असेल, तर ती सूचना हॉटेलच्या वाय-फायवर पोचतच नाही. अशा वेळी सूचनेची वाट न बघता बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडून आत प्रलंबित विनंती दिसते का ते पाहायचं.

आणखी एक बारीक खोच. काही जण जाहिराती टाळायला किंवा वेग वाढवायला फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या जागी, गूगलचं नाव घालून ठेवतात आणि विसरतात. चीनमधल्या वाय-फायवर तो फोन काहीच उघडत नाही, तिथली स्थानिक संकेतस्थळंही नाहीत. सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं की सुटतं.

रोमिंगचा डेटा गाळणीत का अडकत नाही

भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून, वाय-फाय बंद ठेवून मोबाईल डेटा वापरला की चीनमध्येही व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, नेहमीचं शॉपिंग अ‍ॅप चालतं. यात बेकायदा काही नाही, जादूही नाही. रोमिंगमध्ये तिथली मोबाईल कंपनी फक्त टॉवर पुरवते. तुमचा डेटा ती उघडत नाही. बंद नळीतून थेट भारतातल्या तुमच्या कंपनीकडे पाठवते आणि तो तिथून इंटरनेटवर जातो. नाक्यावर सीलबंद गाडी न उघडता सोडावी तसं. त्यामुळे आयपी पत्ताही भारतातला दिसतो आणि अडत्यालाही शंका येत नाही. दोन कामं एका दमात.

अडचण पैशांची. पॅक न घेता रोमिंग डेटा चालू राहिला तर एमबीच्या भावानं पैसे जातात आणि फोन मागच्या मागे फोटो चढवत, अ‍ॅप अपडेट करत बसतो. म्हणून पॅक घ्या, अ‍ॅपचे आपोआप होणारे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप बंद करा. काय घ्यायचं ते हॉटेलच्या वाय-फायवर जेवढं उघडतं तेवढं बघून पक्कं करा, आणि पैसे देण्यापुरता रोमिंग डेटा चालू करा. नुसती ऑर्डर द्यायला फार डेटा लागत नाही. खातात ते चलचित्रं आणि रील. इथे एक चूक हमखास होते : रोमिंग चालू केलं पण वाय-फाय बंद केलं नाही. फोन वाय-फायला प्राधान्य देतो, म्हणजे तुम्ही अजूनही गाळणीच्या आतच असता.

स्वस्तातला दुसरा मार्ग प्रवासी ई-सिमचा. ई-सिम म्हणजे प्लास्टिकचं कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घेतलेलं सिम. चीनसाठी विकल्या जाणाऱ्या अशा बऱ्याच ई-सिमचा डेटा हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे जातो, म्हणून त्यावरही गूगल, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. घेण्याआधी वर्णनात ते लिहिलंय का ते तपासा. तुमचा फोन ई-सिम घेतो का हे बघायला डायलवर *#०६# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळखक्रमांकासोबत ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर घेतो. ई-सिम निघण्याआधी घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा, कारण विकणाऱ्याचं संकेतस्थळ तिथे उघडेल याची खात्री नाही.

आठ-दहा दिवसांच्या फेरीसाठी आम्ही सुचवू ती मांडणी अशी : डेटासाठी प्रवासी ई-सिम, आणि भारतीय सिम त्याच फोनमध्ये, डेटा बंद, फक्त एसएमएससाठी जागं. विमानतळावर विकत घेतलेलं चिनी सिम स्वस्त वाटतं, पण त्याचा डेटा तिथल्या गाळणीतूनच जातो.

ओटीपी : सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात

भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला पासवर्ड किंवा ओटीपीची जादा पायरी रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून लावली. ही पायरी मुख्यतः एसएमएसवर उभी आहे. म्हणून परदेशात जाताना डेटाची काळजी नंतर. भारतीय नंबरवर एसएमएस येतोय का, हे आधी.

त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा निघण्याआधी, भारतात असतानाच चालू करून घ्या. प्रीपेड सिमवर नुसता देशातला रिचार्ज असून भागत नाही. बऱ्याचदा आंतरराष्ट्रीय पॅकशिवाय सिम तिथल्या टॉवरला धरतच नाही. टॉवर धरला की येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, जाणाऱ्याला लावतात. विमानातून उतरल्यावर सामान येईपर्यंत बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शॉपिंगच्या खात्यात एकदा ओटीपी मागवून पाहा. आला तर निश्चिंत. नाही आला तर फोन अर्धा मिनिट विमान-मोडमध्ये टाकून परत आणा. तरीही नाही, तर नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून हातानं दुसरं निवडा. चीनमध्ये चायना मोबाईल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम अशी नावं दिसतील. एकावर न येणारा एसएमएस दुसऱ्यावर येतो, हे नेहमीचं आहे.

रोमिंगमध्ये ओटीपी उशिरा येतो. माणूस घाबरतो, ‘पुन्हा पाठवा’ दाबतो, मग पहिला येतो, तो टाकतो आणि चुकीचा ठरतो. कारण नवा मागवला की जुना रद्द होतो. असं दोन-तीनदा झालं की बँक कार्डच काही काळ थांबवते. एकदा मागवला की निदान दोन मिनिटं हात बांधून बसा.

ज्यांची बँक अ‍ॅपमधूनच मंजुरी देते, त्यांनी ती सोय निघण्याआधी चालू करावी. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, त्यात एसएमएसखेरीज दुसऱ्या पद्धतींना मोकळीक आहे; तरी प्रत्येक बँकेचा वेग वेगळा. शॉपिंगच्या खात्याच्या लॉगिनसाठी ‘ऑथेंटिकेटर’ अ‍ॅप ठेवता येतं. ते दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला ना सिम लागतं ना इंटरनेट. अमेझॉनवर ही सोय आहे. लॉगिन तरी एसएमएसवर अवलंबून राहत नाही.

आता कार्डाविषयी एक गैरसमज. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते आपण चालू करायचे. म्हणून लोक समजतात की परदेशातून खरेदी करायची तर परदेशी व्यवहार चालू हवेत. भारतीय दुकान, भारतीय कार्ड, रुपयातला व्यवहार असेल तर तो देशांतर्गतच धरला जातो, तुम्ही बसलात कुठे याला महत्त्व नाही. तिथे फक्त ‘ऑनलाइन’ हे बटण चालू हवं. कार्ड दुकानाच्या अ‍ॅपमध्ये आधीच जतन करून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानं खरा क्रमांक ठेवत नाहीत, त्याच्या जागी टोकन नावाचा पर्यायी क्रमांक ठेवतात, आणि तो तयार करताना एकदा ओटीपी लागतोच. ते काम घरी उरकलेलं बरं.

ओटीपीची कटकटच नको असेल तर दुकानाच्या गिफ्ट कार्डाची शिल्लक भरून ठेवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. एक गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं. त्या शिल्लकीतून पैसे देताना बँक मध्ये येत नाही.

यूपीआयला हात लावू नका

यूपीआय अ‍ॅप सुरू करताना फोन गुपचूप एक एसएमएस भारतातल्या क्रमांकाला पाठवतो आणि हे सिम याच फोनमध्ये आहे याची खातरजमा होते. म्हणून परदेशात असताना अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं, त्याचा डेटा पुसणं, फोन बदलणं, सिमचा खण बदलणं यातलं काहीही केलं तर ती खातरजमा पुन्हा मागितली जाऊ शकते, आणि रोमिंगमधून जाणारा एसएमएस कधी बाहेर पडतो, कधी नाही. ‘चालत नाही म्हणून अनइन्स्टॉल करून बघितलं’ या एका उपायानं कित्येकांचं चालू यूपीआय बंद पडलं आहे.

दुसरं, यूपीआय परदेशातल्या दुकानांतही चालतं अशा बातम्या आपण वाचतो. ते खरं आहे, पण ठरावीक देशांत : भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, फ्रान्स वगैरे, आणि तिथल्याही जोडलेल्या दुकानांतच. चिनी दुकानातला क्यूआर कोड भारतीय यूपीआयनं स्कॅन करून उपयोग नाही.

‘व्हीपीएन टाकलं की झालं ना?’

व्हीपीएन म्हणजे तुमचा सगळा डेटा कुलूपबंद करून आधी तिसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरवर नेणारी सेवा. नाका ओलांडायला ती चालते. पण बाकीचे दोघं आहेतच, आणि त्यांच्यापाशी तीच नडते.

अडत्याला तुम्ही दर दहा मिनिटांनी वेगळ्या देशातून येताना दिसता. सकाळी नेदरलँड्स, दुपारी जपान. एका व्हीपीएन सर्व्हरवर शेकडो लोक असतात, त्यात लबाडही असतात, म्हणून असे पत्ते आधीच संशयित यादीत असतात. मग लॉगिनला ओटीपीवर ओटीपी, नाहीतर खातं तात्पुरतं बंद. ‘भारताचा सर्व्हर निवडला’ म्हणून समाधान मानू नका. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा अनेक मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. आता त्या विकतात तो ‘भारत’ बऱ्याचदा सिंगापूर किंवा युरोपातला सर्व्हर असतो, फक्त पत्ता भारताचा दाखवणारा. बँकेची यंत्रणा ते ओळखू शकते.

फुकटच्या व्हीपीएनवर बँकेचं अ‍ॅप उघडणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा. ती कंपनी पैसे कुठून कमावते याचा विचार करा.

कायद्याची बाजूही आहे. चीनमध्ये परवाना नसलेलं व्हीपीएन चालत नाही; नियमात १५,००० युआनपर्यंत दंडाची तरतूद आहे. जुलै २०१७ मध्ये अ‍ॅपलनं चीनमधल्या आपल्या अ‍ॅप स्टोअरमधून व्हीपीएन अ‍ॅप काढून टाकले, गूगल प्ले तर तिथे उघडतच नाही. अमिरातीत नुसतं व्हीपीएन असणं गुन्हा नाही, पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता दडवला तर २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार कैद, पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मिक्सरच्या ऑर्डरपायी या वाटेला कशाला जायचं? रोमिंग कायदेशीर आहे आणि कामही जास्त बिनबोभाट करतं.

दुबईत तर आणखी एक मजा होते. तिथे भारतीय शॉपिंगची अ‍ॅप नाक्यावर अडत नाहीत. अडतं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं. लोक घरी बोलायला व्हीपीएन चालू करतात आणि तसंच विसरतात. मग दुकानाला ते भलत्याच देशातून आलेले दिसतात आणि पेमेंट फेल होतं. आधी वरच्या पट्टीत किल्लीची खूण दिसते का बघा. तसंच अमेझॉन अ‍ॅपनं देश बदलून दिरहममध्ये किमती दाखवायला सुरुवात केली तर घाबरू नका, सेटिंगमध्ये देश पुन्हा भारत करा. तोच ईमेल आणि पासवर्ड दोन्हीकडे चालतो, पण भारतातल्या वॉलेटची शिल्लक अमिरातीच्या दुकानात दिसत नाही.

‘सिम घरी ठेवतो, ओटीपी घरचे सांगतील’

ही युक्ती आपल्याकडे फार चालते. सिम आईच्या जुन्या फोनमध्ये, आणि ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर. चीनमध्ये हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅपच चालत नाही, मग सांगणार कशावर? सिम फोनमधून निघालं की यूपीआय गेलं. आणि ‘ओटीपी आला की फोनवर सांगायचा’ ही सवय एकदा घरात लागली की उद्या कुणी भामटा बँकेतून बोलतोय म्हणाला, तरी आई तितक्याच सहज सांगून मोकळी होते. सिम बरोबर न्या.

घरच्यांची मदत घ्यायचीच असेल तर उलटी घ्या. वस्तूचा दुवा पाठवा, ऑर्डर त्यांच्या फोनवरून, त्यांच्या खात्यातून होऊ द्या. नाहीतर पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याचा पर्याय निवडा. वस्तू विट्याला पोचली की घरचे रोख देतील. महागड्या वस्तूला डिलिव्हरी देणारा दारात कोड मागतो आणि तो ऑर्डर देणाऱ्याच्या नंबरवर किंवा अ‍ॅपवर येतो, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या रात्री अडीचला तिथे पार्सल पोचणार नाही, पण चीनचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढं आहे, म्हणजे सांगलीत संध्याकाळी आठला दार वाजलं तर तुमच्याकडे साडेदहा झालेले असतात. जागं राहा.

वर्षभर तिकडे राहणाऱ्यांचं काय?

आखातात नोकरीला गेलेले आणि बाहेर वैद्यकीय शिकायला गेलेले यांना रोमिंगचा डेटा पॅक परवडत नाही, आणि गरजही नाही. त्यांनी भारतीय सिम जिवंत ठेवायचं, एवढंच. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापर नसेल तर बंद होऊ शकतं. शिल्लक २० रुपये असेल तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. त्या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे, द्यायला सांगितलं. असा लांब मुदतीचा पॅक घ्या आणि तिथे टॉवर धरला जाईल इतपत रोमिंगची सोय ठेवा. नंबर एकदा बंद झाला की काही महिन्यांनी तो दुसऱ्याला मिळतो, आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात.

नोकरीसाठी बाहेर गेलेल्यानं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यायचं असतं, हे बरेच जण टाळतात. केलं तर एक फायदाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं दहा देशांच्या मोबाईल नंबरांना एनआरई (बाहेरच्या कमाईचं अनिवासी खातं) आणि एनआरओ खात्यांवर यूपीआयची परवानगी दिली. त्यात अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान आहेत. बँकेनं ती सोय दिलेली असेल तर दुबईच्या नंबरावरच यूपीआय चालतं आणि भारतीय सिमचा प्रश्नच मिटतो.

तिकडेच खरेदी करायची असेल तर

चीनमध्ये आपल्या ओळखीचं ऑनलाइन दुकान सापडणार नाही. अमेझॉननं तिथलं स्थानिक दुकान जुलै २०१९ मध्ये गुंडाळलं. तिथे सगळं अलीपे आणि वीचॅट या पैसे देण्याच्या अ‍ॅपवर चालतं. अडचण अशी की भारत सरकारनं २९ जून २०२० च्या ५९ अ‍ॅपच्या यादीत वीचॅटवर, २ सप्टेंबर २०२० च्या ११८ च्या यादीत अलीपेवर आणि २४ नोव्हेंबरच्या ४३ च्या यादीत अलीएक्सप्रेस या खरेदीच्या अ‍ॅपवर बंदी घातली. इथे नाका आपला आहे. म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी अलीपे तिथे उतरल्यावर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून कधीच नाही. पासपोर्टनं नोंदणी होते, भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. इथे मात्र कार्डावर ‘परदेशी व्यवहार’ चालू हवा, अगदी पाच युआनच्या चहालाही. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, वर ३ टक्के लागतो; शिवाय बँकेचा चलनबदलाचा आकार वेगळा. परदेशी व्यवहारात ओटीपी मागितला जाईलच असं नाही, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमधून रोजची मर्यादा लहान ठेवा.

रशियाला जाणाऱ्यांनी वेगळं ध्यानात ठेवायचं : मार्च २०२२ पासून बाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत.

खातं किंवा कार्ड थांबलंच तर

आधी काही तास काहीच करू नका. सारखं लॉगिन करत राहिलात तर यंत्रणेचा संशय पक्का होतो. बऱ्याच तात्पुरत्या बंद्या चोवीस तासांत आपोआप उठतात. त्यानंतर भारतीय सिमच्या रोमिंग डेटावरून, त्याच जुन्या फोनवरून, एकदाच प्रयत्न करा. नवा फोन, नवा देश आणि नवं कार्ड एकाच दिवशी आणू नका.

मदत लागली तर दुकानाचा क्रमांक गूगलवर शोधू नका. वर दिसणारे क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात आणि पहिल्याच मिनिटाला स्क्रीन शेअर करायला सांगतात. अ‍ॅपच्या आतूनच बोला. बँकेचा क्रमांक +९१ लावून पूर्ण लिहून न्या, कारण १८०० नं सुरू होणारे मोफत क्रमांक बाहेरून बहुधा लागत नाहीत. बँकेचे बाहेरून लागणारे क्रमांक कार्डाच्या मागे नाहीतर संकेतस्थळावर वेगळे दिलेले असतात. सायबर फसवणुकीचा १९३० हा छोटा क्रमांकही परदेशातून लागेलच असं नाही. तेव्हा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची, किंवा घरच्यांनी सांगलीतून १९३० ला फोन करायचा. त्यांना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम लगेच कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी थांबवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते.